चूक बाराव्या ओळीत नाही

संगणकाची आज्ञावली लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्या विद्यार्थ्याची तक्रार बहुधा दोनच शब्दांची असते : "चालत नाही." काय चालत नाही, असे विचारले की तो पडद्याकडे बोट दाखवतो. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटलेली असते. ती त्याने वाचलेली नसते. वाचली असली तरी ती आपल्याला उद्देशून आहे असे त्याला वाटलेले नसते. या ओळीचेच परीक्षण आम्हाला येथे करायचे आहे. कवितासंग्रहांची परीक्षणे होतात, पाठ्यपुस्तकांचीही होतात. पण संगणकाच्या तासाला विद्यार्थ्यांपुढे सर्वांत जास्त वेळा येणारा मजकूर कोणता, तर हा त्रुटी-संदेश. आणि तो चांगला लिहिला आहे की वाईट, हे कोणी पाहत नाही.

भारतातील शाळांत संगणक मोठ्या प्रमाणावर आला तो १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून. त्यातील 'बीबीसी मायक्रो' हा संगणक बेसिक भाषा समजत असे. एखादी आज्ञा त्याला कळली नाही की तो एका शब्दात सांगे : 'मिस्टेक', आणि पुढे ओळीचा क्रमांक. वहीवर लाल शाईने नुसती फुली मारून ती परत करणाऱ्या परीक्षकासारखाच हा प्रकार. त्याच यंत्राचा दुसरा संदेश मात्र वाखाणण्याजोगा होता : 'नो सच व्हेरिएबल', म्हणजे या नावाचा चल मला माहीत नाही. हा वाचल्यावर काय शोधायचे ते मुलाला कळते. कुठे तरी स्पेलिंग बदलले आहे, किंवा त्या चलाला किंमत द्यायची राहिली आहे. एकाच यंत्रातले हे दोन संदेश, पण एक निवाडा देतो आणि दुसरा माहिती देतो.

आता सी भाषेकडे येऊ. समजा, अकराव्या ओळीत दोन संख्यांची बेरीज केली आहे, पण शेवटचा अर्धविराम टाकायचा राहिला आहे. बाराव्या ओळीत उत्तर छापण्याची आज्ञा आहे आणि ती अगदी बिनचूक आहे. अनेक कंपायलर अशा वेळी बाराव्या ओळीकडे बोट दाखवतात. विद्यार्थी बारावी ओळ दहा वेळा वाचतो, पुसतो, पुन्हा लिहितो. अखेर यंत्र खोटे बोलते आहे, किंवा आपल्यालाच यातले काही कळत नाही, यांपैकी एका निष्कर्षाला तो येतो. बहुतेक मुले दुसरा निष्कर्ष काढतात, आणि आम्हाला काळजी वाटते ती याची.

यंत्र येथे खोटे बोलत नसते. हे समजायला मराठीतले एक वाक्य पुरेसे आहे. 'पाऊस थांबला मुले मैदानात धावली' हे मोठ्याने वाचून पाहा. पूर्णविराम हवा होता 'थांबला'च्या नंतर, पण आपण अडखळतो ते 'मुले' या शब्दापाशी. 'थांबला' येथे थांबण्याचे काही कारणच नव्हते. पुढे 'तेव्हा' किंवा 'म्हणून' येऊ शकले असते. कंपायलरचेही तसेच. अकरावी ओळ संपली याला सी भाषेत काही अर्थ नाही. पुढच्या ओळीत अधिकचे चिन्ह आणि आणखी एक संख्या आली असती तर ती बेरीज सुखाने पुढे चालू राहिली असती. बाराव्या ओळीचा पहिला शब्द आला, तो तेथे बसेना, तेव्हा यंत्र अडखळले. ते जेथे अडखळले ती जागा त्याने सांगितली. लिहिणारा कोठे चुकला हे त्याला ठाऊक नाही आणि ते त्याने सांगितलेलेही नाही. बहुतेक त्रुटी-संदेश असेच वाचावे लागतात. पण हे वाचन कोणत्या इयत्तेत, कोणत्या पाठात शिकवले जाते? आमच्या पाहण्यात तरी पाठ्यपुस्तकांतल्या आज्ञावल्या सगळ्या शुद्ध, तयार आणि चालणाऱ्या असतात. मोडलेली आज्ञावली समोर ठेवून 'यंत्र आता कोठे अडखळेल?' असा प्रश्न विचारणारा धडा विरळाच.

संदेश सुधारता येतात, हेही सांगितले पाहिजे. ही मंडळी 'इललीगल', 'फेटल' असे दरडावणारे शब्द वापरतात, ते टाळून वाचणाऱ्याला उपयोगी पडेल असे लिहावे, असा आग्रह बेन श्नाइडरमन यांनी १९८२ मध्येच धरला होता. पायथन भाषेत उघडलेला कंस बंद करायचा राहिला तर पूर्वी पुढच्याच एखाद्या निरपराध ओळीवर 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' असा शेरा येई. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून ती भाषा त्या उघड्या कंसाकडेच बोट दाखवते आणि 'हा बंदच केलेला नाही' असे सांगते. कंस तोच आणि चूक तीच, पण शेरा बदलल्यामुळे मुलाचा अर्धा तास वाचतो. तीस वर्षांच्या भाषेला हे सुचायला इतका काळ का लागला? कदाचित जाणकारांना अडचणच येत नव्हती म्हणून. नवशिक्यांच्या तक्रारी जाणकारांच्या कानावर उशिराच पोचतात.

पण संदेश कितीही सुधारले तरी एक मोठा प्रदेश त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो, तो म्हणजे संदेशच न येणाऱ्या चुका. सी भाषेत फॅरनहाइटचे सेल्सिअस करण्यासाठी मुले सूत्र जसेच्या तसे लिहितात : आधी ५/९, आणि त्याला फॅरनहाइट उणे ३२ ने गुणायचे. २१२ अंश दिले की उत्तर १०० ऐवजी ० येते. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर सी भाषा अपूर्णांकाचा भाग टाकून देते, म्हणून ५/९ म्हणजे शून्य, आणि पुढे कशानेही गुणले तरी शून्यच. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात सुरुवातीलाच हे सूत्र आहे आणि ५/९ ऐवजी ५.०/९.० का लिहिले, याचा खुलासाही आहे. गंमत अशी, की कोणी पडताळा म्हणून ३२ अंश घालून पाहिले तर शून्य हेच बरोबर उत्तर मिळते!

दुसरे उदाहरण गणिताच्या शिक्षकांना आवडेल. १ पासून १३ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार आज्ञावलीने काढायला सांगा. आजच्या बहुतेक संगणकांवर सी भाषेतील साधा पूर्णांक ३२ बिटांचा असतो. तेथे १२ पर्यंतचे उत्तर बरोबर येते आणि १३ ला १९३२०५३५०४ असा भारदस्त आकडा छापला जातो. खरे उत्तर ६२२७०२०८०० आहे, ते त्या जागेत मावत नाही. (आपल्याकडे दीर्घकाळ चाललेल्या टर्बो सी मध्ये पूर्णांक १६ बिटांचा; तेथे ८ लाच -२५२१६ येते. निदान ऋण चिन्ह पाहून मूल दचकते तरी.) पण १३ च्या उत्तरात दचकण्यासारखे काही नाही. मग चूक ओळखायची कशी? गुणाकारात २ आहे, ५ आहे आणि १० ही आहे. म्हणजे उत्तराला १०० ने भाग गेलाच पाहिजे, शेवटी दोन शून्ये हवीतच. येथे शेवटचा अंक ४ आहे. संगणक न येणारा गणिताचा शिक्षक ही चूक पकडू शकतो, आणि संगणक येणारा पण शेवटचा अंक न पाहणारा विद्यार्थी पकडू शकत नाही. संगणक शिकवायला नको म्हणणाऱ्या शिक्षक मित्रांना हे आवर्जून सांगावेसे वाटते.

अशा चुका मुळात होतात का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय पी यांनी १९८६ मध्ये एका निबंधात या प्रश्नाचा विचार केला. भाषा कोणतीही असो, नवशिक्यांच्या अनेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते, असे त्यांचे म्हणणे : यंत्राच्या आत कोठेतरी आपल्यासारखे मन आहे आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते त्याला कळते. तिला त्यांनी 'सुपरबग' म्हटले. आम्हाला हे निदान बरेचसे पटते. पायथनमध्ये कळफलकावरून दोन संख्या मागवून बेरीज केली, ५ आणि ७ दिले, आणि उत्तर ५७ आले, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला येतो. कळफलकावरून आलेले सगळे त्या भाषेला अक्षरेच वाटतात, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती शेजारी शेजारी मांडणे. 'पण मी तर संख्या दिली होती!' असे मूल म्हणते. ती संख्या आहे हे त्याला दिसते, म्हणून यंत्रालाही दिसले असणार, असे ते धरून चालते.

तरी प्रत्येक चूक या एका खुंटीला टांगणे बरे नव्हे. लांबी ५, रुंदी ४, क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी. मग पुढच्या ओळीत लांबी १० केली आणि क्षेत्रफळ छापायला सांगितले. यंत्र २० छापते. मुलाची अपेक्षा ४० ची असते. ही यंत्रात मन पाहण्याची चूक नाही. बीजगणिताच्या तासाला त्याला शिकवलेले आहे, की सूत्र हे नाते असते आणि ते कायम खरे असते. स्प्रेडशीटमध्ये तर हेच सूत्र लिहिले की लांबी बदलताच ४० दिसतात! मुलाजवळ चांगली कारणे आहेत. ती या भाषेत लागू पडत नाहीत, एवढेच. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापले ते 'समान' या अर्थाने. सी आणि पायथन यांनी ते 'उजवीकडची किंमत डावीकडच्या डब्यात ठेवा' या अर्थाने वापरले. पास्कल भाषेने त्यासाठी अपूर्णविरामासह वेगळे चिन्ह ठेवले होते, ते शहाणपणाचे होते असे आमचे मत आहे.

आता मदत करणाऱ्यांविषयी. मूल 'चालत नाही' म्हणत आले, की आपण खुर्ची ओढतो, अर्धविराम टाकतो, '५.०' करतो आणि 'हं, आता चालव' म्हणतो. चाळीस मुले आणि पस्तीस मिनिटे या हिशोबात दुसरे काही जमत नाही, हे मान्य. पण दुरुस्त झाली ती आज्ञावली. ज्या समजुतीतून चूक आली ती जागच्या जागी राहिली, आणि पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या वेषात परत येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले, तेव्हापासून ही खुर्ची ओढणारा मदतनीस चोवीस तास हजर आहे. तो रागावत नाही, 'एवढेही कळत नाही का' म्हणत नाही, विचारले तर मराठीतून समजावतो; खेड्यातल्या एकट्याने शिकणाऱ्या मुलीला याचे मोल मोठे आहे, आणि त्याला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. पण आज्ञावली त्याच्यापुढे टाकून 'दुरुस्त कर' एवढेच म्हटले तर तोही आपल्यासारखाच अर्धविराम टाकून मोकळा होतो.

२००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील नवशिक्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. त्यात लिहिण्यापेक्षा वाचण्यावर भर होता : ही छोटी आज्ञावली चालवली तर शेवटी चलांच्या किमती काय असतील? पुष्कळांना ते सांगता आले नाही. आपण लिहायला शिकवण्याची घाई करतो, आणि वाचता न येणारी मुले लिहू लागतात.

याहून गंभीर प्रकार २००६ चा. मिडलसेक्स विद्यापीठातील सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी एक निबंध प्रसृत केला. शिकवण्याआधीच दोन-तीन ओळींचे किमती ठेवण्याचे प्रश्न द्यायचे. उत्तरांवरून कोणाला आज्ञावली लिहिणे जमेल आणि कोणाला कधीच जमणार नाही हे ओळखता येते, असा त्यांचा दावा होता. तो खूप गाजला, कारण 'काहींना जन्मतःच येते' हे अनेकांना ऐकायचे होते. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला. दावा जितका पसरला तितके हे मागे घेणे पसरले नाही. दोष प्रश्नांचा नव्हता; ते चाळणी म्हणून वापरले गेले, हा दोष.

तसलाच एक प्रश्न फळ्यावर लिहून पाहा. संगणकाची गरज नाही.

अ = ३
ब = ७
अ = ब
ब = अ

शेवटी अ किती आणि ब किती? मुलांना उत्तर आणि ते कसे काढले ते, दोन्ही कागदावर लिहायला सांगा. '७ आणि ७' लिहिणारे मूल ओळी एकामागून एक, उजवीकडून डावीकडे किमती ठेवत गेले आहे. '७ आणि ३' लिहिणाऱ्याला वाटते की शेवटच्या दोन्ही ओळी एकदमच घडतात, किंवा अदलाबदल करायची आहे हे यंत्राला कळले. '३ आणि ३' म्हणणारा मराठी आणि इंग्रजी वाचतो तसाच डावीकडून उजवीकडे गेला आहे. त्याची पद्धत सुसंगत आहे, दिशा तेवढी उलटी. आणि 'हे चुकले आहे, ३ बरोबर ७ कसे होईल?' असे लिहिणारी मुलगी बीजगणित नीट शिकलेली आहे. तिच्याशी बोलायला सुरुवात रेकॉर्डच्या चिन्हापासून करावी लागेल, आणि '७ आणि ३' वाल्याला दोन वाट्या, चहा आणि दूध घेऊन बसवावे लागेल. तिसरी वाटी तो आपणहून मागेल.