'बहुधा' आणि 'नाहीं' : दोन सागरनिबंधांचा परामर्श

राहुरीस बसून समुद्राविषयीं लिहिणें हें कित्येकांस विनोदाचें वाटेल. आमच्या तालुक्यांत सागर म्हणावयास एकच, तो म्हणजे मुळा नदीवरील धरणाचा ज्ञानेश्वरसागर. त्यांत २६ अब्ज घनफूट पाणी मावत असलें तरी त्यास ना भरती ना ओहोटी. आणि तें पाणी खारट असतें तर आमच्या ऊंसानें केव्हांच मान टाकली असती. तथापि किनाऱ्याच्या पाण्यासंबंधींचे दोन शास्त्रीय निबंध येथें परीक्षणास घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. याचें कारण असें कीं, त्यांपैकीं पहिल्यांत ज्या आरोपीकडे बोट दाखविलें आहे तो आमच्या ओळखीचा आहे. शेतांतून व नगरांतून वाहून जाणारें नत्र हा तो आरोपी. आणि जेथें १९६८ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ उभें आहे, त्या गांवीं नत्राची ओळख कोणास करून देण्याचें कारण नाहीं.

आमच्या वाङ्मयांत समुद्र आहे. पण तो बहुतेक किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या मनांतला आहे. त्याची गर्जना आहे, अनंतता आहे, त्यास उद्देशून काढलेले उद्गार आहेत. त्याच्या पाण्याची खोली, क्षारता, त्यांत विरघळलेला प्राणवायु यांकडे आमची टीका क्वचितच वळते. वस्तुतः शास्त्रीय निबंध हाही गद्याचाच एक प्रकार होय. त्यांत लेखक एक विधान करतो, आणि त्या विधानाचा भार पुराव्यावर किती टाकावयाचा हें एखाद्या लहानशा अव्ययानें ठरवितो. तें अव्यय योग्य ठिकाणीं पडलें आहे कीं नाहीं, हें पाहणें टीकाकाराचें काम नव्हे असें आम्हांस वाटत नाहीं.

विषय समजण्यास थोडी पूर्वपीठिका पाहिजे. जून ते सप्टेंबर या काळांत नैर्ऋत्य मोसमी वारे वाहूं लागले म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर सरतें, आणि त्याची जागा घेण्यास खोल समुद्रांतलें गार पाणी समुद्रबूड जमिनीवर चढून येतें. हें पाणी पोषक द्रव्यांच्या बाबतींत श्रीमंत पण प्राणवायूच्या बाबतींत दरिद्री असतें. कारण अरबी समुद्राच्या मधल्या थरांत, सुमारें दीडशें मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत, प्राणवायु जवळजवळ नाहींच. पोषक द्रव्यांमुळें वरच्या थरांत सूक्ष्म वनस्पति माजतात. त्या मरून खालीं पडतात आणि कुजतांना उरलासुरला प्राणवायु संपवून टाकतात. त्यांतच सह्याद्रीवरून उतरलेलें पावसाचें गोडें पाणी हलकें म्हणून वर तरंगतें, आणि पातेल्यावर झांकण बसावें तसें बसून हवेंतला प्राणवायु खालीं जाऊं देत नाहीं. सप्टेंबर-ऑक्टोबरांत ही अवस्था पराकोटीस पोंचते. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पून कोळी होड्या पाण्यांत लोटतो, त्यानंतर थोड्याच दिवसांत तळाजवळच्या मासळीस श्वास घेणें कठीण होऊन बसतें. पुढें हिवाळ्यांत प्रवाह उलटतो, पाणी ढवळतें, आणि समुद्राची घुसमट थांबते. या दुर्भिक्षाचा प्रदेश सुमारें १,८०,००० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अर्ध्याहून मोठा, सांगितला जातो.

पहिला निबंध नोव्हेंबर २००० मध्यें 'नेचर' या इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याचे मुख्य लेखक एस. डब्ल्यू. ए. नक्वी हे गोव्यांतील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ, १ जानेवारी १९६६ रोजीं, ही संस्था स्थापन झाली. आणि १९७६ सालीं तिच्या सेवेंत आलेल्या पहिल्या संशोधननौकेस 'गवेषणी' असें नांव दिलें गेलें. नांव ठेवणाराच्या रसिकतेस दाद दिली पाहिजे. 'गवेषणा' म्हणजे मुळांत गाईचा शोध. येथें गाईच्या जागीं प्राणवायु आला एवढेंच.

निबंधाचें म्हणणें थोडक्यांत असें. पश्चिम किनाऱ्यावरील हें दुर्भिक्ष नैसर्गिक असलें तरी तें तीव्र होत चाललें आहे. मोकळ्या किनारी समुद्रांत तोंपर्यंत कोठेंही न आढळलेल्या प्रमाणांत हायड्रोजन सल्फाइड व नायट्रस ऑक्साइड हे वायु तेथें सांपडले. यांपैकीं पहिला कुजक्या अंड्यांच्या वासाचा व विषारी. दुसरा पृथ्वीची उष्णता कोंडून धरणारा. प्राणवायु संपला म्हणजे कांहीं जंतु नायट्रेटांतला प्राणवायु ओढून घेऊन जगतात, आणि त्या खटाटोपांत हा दुसरा वायु बाहेर पडतो. त्याची वाढ 'बहुधा' मनुष्यानें पाण्यांत भर घातलेल्या नायट्रेटामुळें झाली असावी, असा लेखकांचा निष्कर्ष आहे.

या 'बहुधा'पाशीं आम्ही बराच वेळ थांबलों. 'कदाचित्' म्हणजे असेल वा नसेल. 'बहुधा' म्हणजे पारडें झुकलें आहे, पण कांटा अजून हलतो आहे. शास्त्रज्ञाच्या मनाची नेमकी अवस्था एका शब्दांत पकडणें ही कांहीं लहान कमाई नव्हे. दुर्दैव असें कीं, असे निष्कर्ष वृत्तपत्रीय मराठींत येतांना हा शब्द वाटेंतच गळतो, आणि 'खतानें समुद्र मेला' एवढाच मथळा उरतो.

निबंधाचें वैगुण्य मात्र अन्यत्र आहे. 'तीव्र होत चाललें आहे' असें म्हणावयाचें तर पूर्वीं किती होतें हें भक्कमपणें सांगतां आलें पाहिजे. गोव्याच्या कांदोळी गांवासमोर दरमहा पाण्याची मोजणी करण्याचा स्तुत्य क्रम १९९७ पासून सुरू झाला. निबंधाच्या वेळीं तो उणापुरा तीन वर्षांचा होता. शिवाय याच नियतकालिकांत १९५९ सालीं कॅरुथर्स, गोगटे, नायडू व लेव्हास्तू यांनीं मुंबईसमोर प्राणवायुहीन पाण्याचा थर उतारावरून किनाऱ्याकडे चढून येतो असें दाखवून त्याचा मासेमारीशीं संबंध जोडला होता. त्या काळीं आपल्या शिवारांत रासायनिक खताची गोणी दुर्मिळच होती. इतक्या अपुऱ्या आधारावरून शेवटच्या वाक्यांत एकदम जगांतील सर्व समुद्रांवर व वातावरणावर उडी घेणें हें आम्हांस घाईचें वाटतें. तेथेंही लेखकांनीं 'होऊं शकेल' अशी भाषा ठेविली आहे हें त्यांच्या बाजूनें नमूद करावयास हवें.

दुसरा निबंध २०२१ सालचा, 'एन्व्हायर्नमेंटल रिसर्च लेटर्स' मधला. मुख्य लेखक जी. व्ही. एम. गुप्ता. त्याचें शीर्षकच निकालपत्रासारखें आहे: जगांतील सर्वांत मोठा किनारी प्राणवायु-क्षयाचा प्रदेश मनुष्यकृत नाहीं. पुराव्याच्या दृष्टीनें हा निबंध पहिल्यापेक्षां निःसंशय सरस आहे. एका ठिकाणची चार मोजमापें न घेतां, किनाऱ्यापासून समुद्राकडे जाणाऱ्या अनेक रेषांवर दुर्भिक्षाच्या आरंभापासून अखेरीपर्यंत मोजणी केली आहे. आणि प्रवाहानें आणलेली तूट किती व जागच्या जागीं कुजण्यानें झालेली तूट किती, यांची फारकत केली आहे. निष्कर्ष असा कीं, प्रारंभ वर चढून येणाऱ्या पाण्यानें होतो, त्या पाण्यानेंच पोसलेल्या वनस्पति कुजून तूट वाढते, आणि मनुष्याचा हात त्यांत अत्यल्प आहे.

येथपर्यंत आमची तक्रार नाहीं. पण सारांशाच्या अखेरीस तेच लेखक सांगतात कीं, जागतिक हवामानबदलामुळें खोल समुद्रांतला प्राणवायुहीन थर वर सरकला अथवा मोसमी पावसाची रीत बदलली, तर या दुर्भिक्षाची तीव्रता व व्याप्ति बदलूं शकेल, आणि मासेमारीस धोका पोंचेल. मग हवामान कोण बदलवितो आहे? शीर्षकांत पुढील दारानें घालविलेला मनुष्य शेवटीं मागील दारानें आंत आलाच! 'मनुष्यकृत' या शब्दाचा अर्थ शीर्षकांत नदीनाल्यांतून आलेल्या घाणीपुरता आकुंचित केला आहे, आणि वाचकास तसें बजावलेलें नाहीं. त्यामुळें अनर्थ संभवतो. ज्यांस आपलें सांडपाणी खाडींत सोडावयाचें आहे ते हें शीर्षक दोषमुक्तीचें प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर लावतील. वास्तविक निबंध बोलतो तो समुद्रबूड जमिनीवरील प्राणवायूविषयीं. माहीमच्या खाडीची दुर्गंधि, उल्हास नदीचें पाणी, वरळी-वांद्र्यास समुद्रांत सोडलेलें मुंबईचें मलजल, यांविषयीं त्यानें कोणासही निर्दोष ठरविलेलें नाहीं.

म्हणून आमचा अभिप्राय थोडा विचित्र वाटला तरी सांगतों. पहिल्या निबंधाचा निष्कर्ष डळमळला, तरी त्याचें गद्य खरें राहिलें. दुसऱ्याचा निष्कर्ष अधिक बळकट, पण त्याचें शीर्षक त्याच्याच अंगास बसत नाहीं.

आतां आमच्या आरोपीकडे. पहिला निबंध वाचून आमच्यासारख्या राहुरीकरास जी अपराधाची टोंचणी लागली तिला भूगोलाचा आधार नव्हता. मुळा प्रवरेस मिळते, प्रवरा गोदावरीस, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. कोंकणचा समुद्र येथून जवळ असला तरी मध्यें सह्याद्रीची धार आहे. आमच्या पाटाचा एक थेंबही थेट तिकडे जात नाहीं. परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पूर्वकिनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि गोदावरी, गंगा आदि नद्यांनीं गोडसर झालेलें पाणी श्रीलंकेस वळसा घालून अरबी समुद्राकडे नेतो. तेथून हिवाळ्यांतला पश्चिमकिनारी प्रवाह तें पाणी केरळसमोरून उत्तरेस चढवितो. दोनापावलच्याच सतीश शेट्ये प्रभृति संशोधकांनीं १९९० च्या सुमारास या किनारी प्रवाहांचें जें मापन केलें, तें वाचतांना राजामहेंद्रीहून निघालेला यात्रेकरू कन्याकुमारीवरून कोंकणच्या वाटेस लागल्याचें चित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. इतक्या लांबच्या यात्रेंत त्याच्या पदरचें नत्र सूक्ष्म वनस्पतींनीं वाटेंतच खाऊन टाकलेलें असावयाचें. उरतो तो पाण्याचा गोडवा.

हे निबंध मराठींत आणण्यास कोणी सिद्ध झालाच, तर त्यास दोनच सूचना कराव्याशा वाटतात. पहिल्या निबंधांतला 'बहुधा' पहिल्याच वाक्यांत घ्यावा. आणि दुसऱ्याचें शीर्षक भाषांतरित करतांना त्याखालीं, त्याच अक्षरांत, त्याच्या सारांशाचें शेवटचें वाक्य छापावें.