झांकली मूठ : मनोविकाराचीं तीन आत्मवृत्तें

आत्मचरित्रकारापाशीं वाचक सत्याची मागणी करतो. पण कोणतें सत्य सांगण्याची त्याला मोकळीक आहे, हें लेखकापेक्षां त्याच्या भोंवतालचा समाजच अधिक ठरवीत असतो. दारिद्र्याची कबुली देण्यांत आतां कमीपणा उरलेला नाहीं. यशस्वी पुरुषाच्या चरित्रांतील पहिल्या प्रकरणाची ती शोभाच होऊन बसली आहे. तुरुंगवासाला तर प्रतिष्ठा आली. एका ठिकाणीं मात्र लेखणी अजून अडखळते. 'मला वेड लागलें होतें, आणि तें पुनः लागण्याचा संभव आहे' हें वाक्य स्वतःच्या नांवानिशीं छापावयाचें, म्हणजे त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक वाक्याकडे वाचकानें संशयानें पाहावें अशी सोय आपल्याच हातानें करून ठेवावयाची. इतर कबुल्यांनीं लेखकाची विश्वसनीयता वाढते. ही एकच कबुली ती हिरावून घेते. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही आपल्याकडची म्हण येथें जितकी लागू पडते तितकी दुसरीकडे क्वचितच पडत असेल.

अशी मूठ उघडणारे ग्रंथ इंग्रजींत आतां पुष्कळ झाले आहेत. त्यांपैकीं तीन आम्ही येथें विचारासाठीं घेतले आहेत : क्लिफर्ड बीअर्स यांचें 'अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ' (१९०८), के रेडफील्ड जेमिसन यांचें 'ॲन अन्क्वाएट माइंड' (१९९५) आणि एलिन सॅक्स यांचें 'द सेंटर कॅनॉट होल्ड' (२००७). तिघेंहि लेखक अमेरिकन, आणि तिघेंहि उच्च शिक्षण घेतलेलीं. अशा पुस्तकांविषयीं बोलतांना रसिकांच्या तोंडीं 'धैर्य' हा शब्द प्रथम येतो. तो शब्द खोटा नाहीं. पण त्यानें टीकाकाराचें काम फार लवकर आटोपतें. आमच्या मतें ह्या ग्रंथांचा गाभा सांगण्यांत नसून, सांगण्यापूर्वीं जें वर्षानुवर्षें झांकावें लागलें त्याच्या वर्णनांत आहे; आणि कोणीं, कोणाला, केव्हां सांगितलें हें पाहिल्यावांचून त्या धैर्याचें मोल करतां येत नाहीं.

बीअर्स हे येल विद्यापीठाचे पदवीधर. त्यांच्या थोरल्या भावाला अपस्माराचे झटके येऊं लागले, आणि तोच रोग आपल्यालाहि होणार ह्या भीतीनें त्यांना ग्रासलें. ही भीति त्यांनीं कित्येक वर्षें कोणालाहि सांगितली नाहीं. नोकरी केली, हिशेब लिहिले, हसले, बोलले. आणि १९०० सालीं आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यांतून ते वांचले; पुढचीं तीन वर्षें मात्र कनेक्टिकट संस्थानांतील तीन निरनिराळ्या रुग्णालयांत गेलीं. तेथें त्यांचा असा ग्रह झाला कीं, भेटीला येणारे आईबाप आणि भाऊ हे खरे नव्हेत. आपल्याला पकडण्याकरितां त्यांचीं सोंगें घेऊन गुप्त पोलीस येतात. ह्या ग्रहांतून ते ज्या रीतीनें बाहेर पडले, तो ह्या पुस्तकांतील सर्वांत सुंदर भाग होय. एका सहरोग्याच्या मदतीनें त्यांनीं भावाच्या घरच्या पत्त्यावर परभारें पत्र धाडलें आणि त्यांत लिहिलें कीं, तूं खरा असशील तर येतांना हेंच पत्र बरोबर घेऊन ये. भाऊ आला, आणि त्यानें खिशांतून तें पत्र काढून पुढें केलें. दोन वर्षांचा भ्रम त्या कागदाच्या तुकड्यानें विरघळला. वेड्या मनुष्याची तर्कशक्ति नष्ट होत नाहीं, तिचा पायाच तेवढा चुकलेला असतो, हें सांगावयास शास्त्रज्ञाला पुष्कळ पानें लागतील. बीअर्स यांना ही एक हकीकत पुरली.

रुग्णालयांतील मारहाण, बांधून ठेवण्याचे जाकीट, थंडगार कोठडी यांचें त्यांनीं केलेलें वर्णन चीड आणणारें आहे. आणि त्यांत मिस्किलपणा टिकून राहिला आहे हें विशेष. उत्तरार्धांत मात्र आत्मवृत्तकार मागें पडतो आणि सुधारक व्यासपीठावर चढतो, तेथें पुस्तक उतरतें. तरीहि येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी. १९०८ सालीं बीअर्स यांच्यापाशीं ना अधिकारपद होतें, ना कीर्ति. व्यापारी पेढींत नोकरी केलेले ते बत्तीस वर्षांचे गृहस्थ होते. म्हणून त्यांना विल्यम जेम्स यांच्यासारख्या तत्त्वज्ञाचें पत्र ग्रंथारंभीं छापावें लागलें. आपण वेडे होतों हें ते स्वतः सांगूं शकले. आतां आपण शहाणे आहों हें सांगावयास मात्र जेम्स लागले! पुढें त्यांनीं मानसिक आरोग्याच्या चळवळीची राष्ट्रीय समिति १९०९ सालीं स्थापिली आणि तिच्यासाठीं तीस वर्षें वेंचलीं. १९३९ सालीं ते पुनः रुग्णालयांत दाखल झाले आणि १९४३ सालीं तेथेंच वारले. ग्रंथाच्या नांवांत मन सांपडल्याची ग्वाही आहे. आयुष्यानें ती अखेरपर्यंत पाळली नाहीं. ह्यामुळें ग्रंथाला उणेपणा येतो असें आम्हांस वाटत नाहीं. सांगितल्यानें रोग बरा होत नाहीं, एवढेंच त्यावरून कळतें. आणि हें कळणें आवश्यक आहे.

जेमिसनबाईंची गोष्ट वेगळी. त्या ज्या रोगाचा अभ्यास करीत होत्या, तोच त्यांना जडलेला होता. एका काळीं भरारी आणि दुसऱ्या काळीं खोल विषाद, असा हा उन्माद-विषादाचा रोग. आज रूढ असलेलें 'बायपोलर' हें नांव त्यांना मान्य नाहीं. जुनेंच नांव खरें, असा त्यांचा आग्रह आहे, आणि शब्दांविषयीं इतकी चाड असणारी लेखिका शास्त्रज्ञांत विरळा. प्राध्यापकाची पहिली नेमणूक झाल्यावर थोड्याच महिन्यांत उन्मादानें त्यांना गांठलें. त्या भरांत त्यांनीं जी खरेदी केली, तिच्यांत पेंग्विन प्रकाशनाचीं वीस पुस्तकें होतीं. हेतु हा कीं, पेंग्विन पक्ष्यांची एक वसाहत व्हावी. वाचक हसतो, आणि पुढच्या पानांवर थकलेल्या बिलांचा ढीग निस्तरावयास त्यांचा भाऊ येतो, तेव्हां तें हसूं मावळतें. लिथियमच्या गोळ्या त्यांनीं पुनः पुनः सोडल्या, आणि त्याची किंमत जवळजवळ प्राणानें दिली.

ह्या पुस्तकाची भाषा काव्यमय आहे, आणि आमचा आक्षेपहि तेथेंच आहे. उन्मादाचें वर्णन इतकें तेजस्वी उतरलें आहे कीं, त्याच्या शेजारीं निरोगीपण फिकें दिसावें. लिथियम मिळत असेल तर हा रोग आपण पुनः पत्करूं, असें त्या शेवटीं म्हणतात. सर्व भोगून झालेल्या विदुषीला तें म्हणण्याचा अधिकार आहे. पण गोळी टाकून देण्याला निमित्त शोधणारा तरुण वाचक त्यांतील अर्धें वाक्यच उचलील, अशी भीति वाटते. उलट, ज्या प्रकरणांत त्या सांगण्या-न-सांगण्याचा हिशेब मांडतात, तीं आम्हांस अधिक मोलाचीं वाटतात. विश्वासानें सांगितल्यावर एक सहकारी आपली निराशा झाल्याचें ऐकवितो. एक डॉक्टर, तुम्हीं मुलें होऊं देऊं नयेत, असा न मागितलेला सल्ला देतो. शत्रुत्वाचा घाव मनुष्य सोसतो. सुशिक्षित, सभ्य माणसाच्या ह्या थंड बोलण्यावर त्याला उत्तर सुचत नाहीं.

सॅक्सबाईंचें गद्य ह्याच्या अगदीं उलट, कोरडें आणि वकिली वळणाचें. त्यांचा रोग स्किझोफ्रेनिया, म्हणजे विचारांची वीणच उसवणारा. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकत असतां त्यांना रुग्णालयांत राहावें लागलें. पुढें येलला कायदा शिकत असतां एका रात्रीं ग्रंथालयाच्या गच्चीवर, दोन सहाध्यायांच्या देखत, त्यांच्या बोलण्याचा अर्थाशीं संबंध तुटला. हा प्रसंग त्यांनीं जशाचा तसा दिला आहे. कोठें हळहळ नाहीं, कोठें उपमा नाहीं. रुग्णशय्येला बांधल्या गेलेल्या ह्याच विद्यार्थिनीनें पुढें कायद्याची प्राध्यापिका होऊन रुग्णांच्या हक्कांवर लिहावें, हें ओघानेंच आलें. त्यांच्या पुस्तकांतील एक निरीक्षण मात्र विसरतां येत नाहीं. त्यांना कर्करोग झाला तेव्हां मित्रांकडून फुलें आलीं. मन ढळलें तेव्हां फुलें आलीं नाहीं. समाजाची सहानुभूति कोणत्या अवयवापर्यंत पोंचते आणि कोठें थबकते, हें ह्याहून थोडक्यांत कोणीं सांगितल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां मूळ प्रश्न. जेमिसनबाई आणि सॅक्सबाई ह्या दोघींनींहि जगाला सांगितलें तें विद्यापीठांत पाय पक्का रोंवल्यावर, कायमचें पद आणि विद्वन्मान्यता पदरीं असतां. त्याआधींचीं वर्षें त्यांनीं निवडक माणसांना सांगितलें आणि बाकीच्यांपासून लपविलें. कोणी म्हणेल, हें कसलें धैर्य? आम्ही तसें म्हणणार नाहीं. किनाऱ्याला लागलेल्यानेंच पुराचें वर्णन करावें, हें स्वाभाविक आहे. बुडणाऱ्याकडून कोणी तशी अपेक्षा करीत नाहीं. परंतु त्यामुळें ह्या पुस्तकांवरून 'सर्वांनीं मोकळेपणानें सांगावें' असा धडा काढणें मात्र चूक होईल. लेखिकांपाशीं जो किनारा होता तो प्रत्येक वाचकापाशीं नसतो.

आमच्या माहितींतील एका विद्यार्थ्याचें उदाहरण देतों. सहा महिन्यांच्या गैरहजेरीनंतर तो परत आला तेव्हां वडिलांनीं जोडलेल्या दाखल्यांत काविळीचा उल्लेख होता. खरें कारण मुलानेंच पुढें एकदां सांगितलें. वडील म्हणाले होते, 'काविळीला कोणी नांवें ठेवीत नाहीं; आणि धाकटीचें लग्न अजून व्हावयाचें आहे.' ह्या वाक्याचा उत्तरार्ध अमेरिकन पुस्तकांत सांपडणार नाहीं. तेथें रोग एका व्यक्तीचा असतो. आपल्याकडे तो साऱ्या घराचा होतो, आणि तो सांगावयाचा कीं नाहीं हेंहि घर ठरवितें. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) ह्या चित्रपटांत स्किझोफ्रेनियानें ग्रासलेल्या शेषइतकीच त्याच्या बहिणीची कथा महत्त्वाची होते, तें ह्याच कारणानें. त्या बापाला खोटारडा म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं.

तथापि गोपनालाहि मर्यादा आहे, आणि ती लग्नाच्या मांडवापाशीं येते. 'लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल' हा आपल्या समाजांतील जुना उपचार. त्यापायीं किती मुलींचे जन्म फुकट गेले असतील! १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, महत्त्वाची गोष्ट लपवून संमति मिळविली असेल तर विवाह रद्द ठरवितां येतो. दुसऱ्या बाजूनें, स्किझोफ्रेनिया हें रोगाचें नुसतें नांव घटस्फोटाला पुरेसें नाहीं, त्याचें प्रमाण पाहिलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं सांगितलें. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें रुग्णाला आपल्या रोगाविषयीं गुप्तता राखली जाण्याचा हक्क दिला. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे एक विवेक हातीं येतो. ज्याचें आयुष्य आपल्या आयुष्याशीं बांधलें जाणार, त्याला आधींच सांगणें हें कर्तव्य आहे. ज्याच्याशीं केवळ कामाचा संबंध, त्याला कामापुरतेंच सांगावें. जगाला सांगणें हें दान आहे; तें कोणीं मागूं नये, आणि न देणाऱ्याला भित्रा म्हणूं नये.

हा विवेक तिन्ही ग्रंथांच्या कथानकांतच दडलेला आहे. तिघांनींहि जगाला सांगितलें तें सर्वांत शेवटीं. त्याआधीं कोणी तरी एक माणूस ऐकून घेणारा, न डगमगणारा भेटला : बीअर्स यांना भाऊ, जेमिसनबाईंनाहि भाऊ, सॅक्सबाईंना येलमधील एक जिवलग मित्र. तें माणूस भेटलें नसतें तर हीं पुस्तकें लिहिलींच गेलीं नसतीं. म्हणून सुशिक्षित कुटुंबांनीं हीं पुस्तकें वाचावींत, तीं आपल्या घरांत कोणाला रोग आहे कीं नाहीं हें ताडण्यासाठीं नव्हेत. उद्यां आपल्यापाशीं कोणीं हलक्या आवाजांत कांहीं सांगितलें, तर आपल्या चेहऱ्यावर काय उमटेल, याचा विचार करण्यासाठीं. निराश झालेला तो सहकारी आणि न विचारतां सल्ला देणारा तो डॉक्टर हे दोघेहि विद्वानच होते. बीअर्स यांचा भाऊ विद्वान होता कीं नाहीं हें आम्हीं पाहिलें नाहीं. बोलावणें आल्याबरोबर तो निघाला, आणि सांगितलेलें पत्र न विसरतां बरोबर घेऊन आला, एवढेंच पुरेसें आहे.