यजमानाचे ताट : मराठी प्रवासलेखनातील अन्न, आतिथ्य आणि जातिभान

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा स्थलवर्णन, निवेदनशैली आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व या घटकांभोवती फिरत राहिली. परदेशातील जेवणाचे प्रसंग मात्र बहुधा रंजक मजकूर म्हणून वाचले गेले. वास्तविक, परक्या घरी अनोळखी अन्न पुढे येते तेव्हा स्वतःचा आचार राखावा की यजमानाचा मान, असा पेच पाहुण्यासमोर उभा राहतो. हा पेच केवळ रुचीचा नसून सामाजिक आहे, हे येथे काही निवडक उदाहरणांच्या आधारे मांडले आहे.

नकाराचे दोन अर्थ

अमेरिकेला जाण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण केले आणि आपला आहार, पोशाख व आचार न बदलण्याचा निर्धार जाहीर केला. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरी ठेवून घेतले व त्यांचा शाकाहार स्वीकारला. यजमानीणबाईंना आनंदीबाई मावशी मानीत. अन्न नाकारूनही आतिथ्य स्वीकारता येते, याचे हे ठळक उदाहरण होय.

पंडिता रमाबाईंचा अनुभव वेगळा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु शाकाहार सोडला नाही. सिस्टर जेराल्डिन यांना या आग्रहात जात्यभिमानाचा अवशेष दिसला, तर रमाबाईंना तो आपल्या स्वातंत्र्याचा भाग वाटत होता. एकाच नकाराचा अर्थ पाहुण्याच्या लेखी एक आणि यजमानाच्या लेखी दुसरा असू शकतो, हे येथे स्पष्ट होते.

पुण्यातील चहा

परदेशातील पंगतीने उपस्थित केलेला प्रश्न मुळात घरचाच होता. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये सभा झाली. तेथे पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच ग्रामण्य उभे राहिले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. आपल्याच शहरात मिशनच्या घरी घेतलेला चहा त्या काळी समुद्रपर्यटनाइतकाच जोखमीचा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनपर टिपणांत या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला शिकावयास गेले. परदेशातील वास्तव्यात अस्पृश्यतेचे भान पुसले गेले होते, असे ते नोंदवितात. परंतु १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी आल्यावर त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. आनंदीबाईंपुढे काय खावे हा प्रश्न होता. आंबेडकरांना स्वदेशात पाहुणा म्हणूनच कोणी स्वीकारीत नव्हते. पहिला प्रश्न प्रवासवर्णनाच्या चर्चेत सहज येतो, दुसरा येत नाही.

विनोदाचे सामर्थ्य व मर्यादा

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत (१९६०) प्रायश्चित्ताचे भय ओसरले होते. त्यांच्या विनोदाचे लक्ष्य बहुतांशी परदेशात गोंधळणारा मध्यमवर्गीय मराठी निवेदक स्वतःच असतो. यजमानाला हास्यास्पद न करण्याचे हे सौजन्य त्या लेखनाचे सामर्थ्य आहे. मात्र या परंपरेत अपरिचित अन्न हा केवळ जिभेचा प्रश्न उरतो. ताटामागील जातीचा इतिहास दृष्टीआड होतो. पुढील बऱ्याच प्रवासवर्णनांनी विनोद उचलला, परंतु स्वतःकडे पाहून हसण्याचे धैर्य सर्वांना साधले नाही.

समारोप

ब्रह्मपुरी परिसरातील अध्यापकांना हा विषय दूरचा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून वा क्षेत्रकार्यातून शहरी वळणाचा पाहुणा गडचिरोलीतील गोंड-माडिया घरांत पोहोचतो. मोहफुले, रानकंद किंवा लाल मुंग्यांची चटणी यांविषयी त्याच्या अहवालात ‘विचित्र’ असा शब्द उमटला, तर परदेशाविना घडलेले तेही एक प्रवासवर्णनच ठरते. प्रत्येक पदार्थ खाल्लाच पाहिजे असे नाही. व्रत, प्रकृती वा रुची यांमुळे दिलेला नकार समजण्याजोगा आहे. परंतु त्या नकाराआड श्रेष्ठत्वाची भावना आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते. म्हणून अशा मजकुराचे वाचन करताना नकाराचे कारण कोणते, यजमानाचा मान राहिला काय आणि त्या पंगतीत कोणाला बसू दिले नव्हते, हे तीन प्रश्न समीक्षकाने व वर्गातील अध्यापकाने अवश्य विचारावेत.