वकील कोणाचा? : 'द वायर'मधील मॉरिस लेव्ही

गुन्हेगारी मालिकांतल्या नीतिभ्रष्ट वकिलाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : हा माणूस असा का झाला? 'बेटर कॉल सॉल'ने या प्रश्नासाठी सहा पर्वे खर्च केली. 'द वायर'मधला मॉरिस लेव्ही मात्र त्या प्रश्नाला दादच देत नाही. त्याचे पूर्वायुष्य, त्याची एकांतातली तगमग, यांपैकी काहीही आपल्याला दिसत नाही. त्याच्याबाबत विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे, असे मला वाटते : हा वकील नेमका कोणाचा?

बाल्टिमोर शहरावरची ही मालिका एचबीओवर २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत, ६० भागांत प्रसारित झाली. तिचे निर्माते डेव्हिड सायमन त्याच शहरात गुन्हेवार्ताहर होते. त्यांचे सहलेखक एड बर्न्स पोलिसांत तपास अधिकारी होते. मायकेल कॉस्ट्रॉफ या नटाने रंगवलेला लेव्ही हा अमली पदार्थांच्या टोळ्यांचा वकील.

दुसऱ्याच भागात तो चौकशीच्या खोलीत येतो. गँट नावाच्या साक्षीदाराचा खून झाला आहे. टोळीप्रमुख एव्हॉन बार्क्सडेलचा भाचा डीअँजेलो याला पोलिसांनी बसवून ठेवले आहे. गँटची पोरकी मुले म्हणून ते त्याला एक छायाचित्र दाखवतात. प्रत्यक्षात ती मुले समोर बसलेल्या पोलिसाची असतात. डीअँजेलो हेलावतो आणि त्या मुलांना पत्र लिहू लागतो. तेवढ्यात लेव्ही येतो आणि लेखन थांबवतो.

येथे कायदा लेव्हीच्या बाजूने आहे. चौकशीत पोलिसांनी आरोपीशी खोटे बोलणे अमेरिकेत सर्रास चालते. 'फ्रेझियर विरुद्ध कप' (१९६९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशा फसवणुकीनंतरचा कबुलीजबाबही ग्राह्य धरला. म्हणूनच आरोपीशेजारी वकील असणे महत्त्वाचे. कोणताही प्रामाणिक वकील ते पत्र थांबवील. पण त्या पत्रातला पश्चात्ताप खरा होता, आणि तो थांबवण्यात सर्वांत मोठा लाभ डीअँजेलोचा नव्हता, एव्हॉनचा होता. फी तोच देतो. लेव्ही बसतो एकाच्या शेजारी आणि बचाव करतो दुसऱ्याचा.

पहिल्या पर्वाच्या शेवटी या व्यवहाराचा हिशेब उघड होतो. पोलिसांना सारे सांगून नव्याने जगण्याची डीअँजेलोची तयारी असते. आई त्याला घराण्याची आण घालून मागे खेचते. तडजोडीत एव्हॉनला ७ वर्षे होतात, डीअँजेलोला २०. तुरुंगातच त्याचा खून होतो. मधल्या काळात, एका महिला पोलिसावर गोळीबार झाल्यावर, लेव्ही टोळीला कच्चे दुवे निस्तरण्याचा सल्ला देतो. खून करा, असे तो म्हणत नाही. ऐकणाऱ्यांना अर्थ कळतो आणि माणसे मरतात. पत्र थांबवताना जो सूर होता तोच येथेही आहे. कायदेशीर सल्ला कोठे संपला आणि गुन्हा कोठे सुरू झाला हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. कॉस्ट्रॉफच्या अभिनयाचे बळ मला या सपाटपणात दिसते.

दुसऱ्या पर्वातल्या उलटतपासणीत लेव्ही ओमार लिटल या लुटारूला समाजाच्या दुःखावर जगणारा ठरवू पाहतो. आपल्या हाती बंदूक आहे, तुमच्या हाती ब्रीफकेस, एवढाच फरक असल्याचे ओमार सुनावतो. प्रेक्षक खूश होतात. मला मात्र हे समीकरण अपुरे वाटते. ओमार निदान स्वतःच्या नावाने लुटतो. लेव्ही दुसऱ्याच्या हक्काच्या नावाने कमावतो. त्यामुळे तो त्या हक्कालाच बट्टा लावतो, आणि वकील मागणारा प्रत्येक आरोपी लोकांना संशयास्पद वाटू लागतो. हे नुकसान बंदुकीने होत नाही.

पाचव्या पर्वात पोलिसांचे फोन-टॅपिंग बेकायदा असल्याचे लेव्हीच्या ध्यानात येते. पण तो न्यायालयातली मोहरबंद कागदपत्रे विकत घेत असल्याचा पुरावा सरकारी वकील रोंडा पर्लमन हिच्याकडे असतो. दोन्ही बाजू एकमेकांचे पाप झाकतात. टोळीप्रमुख मार्लो धंदा सोडण्याच्या अटीवर सुटतो, त्याचा हस्तक क्रिस जन्मठेप भोगतो. डीअँजेलोचीच ही पुनरावृत्ती. फक्त या वेळी वकिलाने स्वतःलाही सोडवून घेतले आहे. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

या चित्रणात एक दोष उरतो. लेव्ही ज्यू आहे, आणि पैशाला चटावलेला ज्यू हा शायलॉकपासूनचा घासलेला साचा आहे. सायमन स्वतः ज्यू असल्याने आक्षेप बोथट होत नाही. अंतरंग नाकारलेले पात्र साच्यात चटकन बसते. ही किंमत मालिकेने मोजली आहे.

तरीही तो नकार मला योग्य वाटतो. लेव्हीची व्यथा कळली असती तर आपण त्याला क्षमा केली असती किंवा शिक्षा, आणि प्रकरण मिटले असते. आता ते मिटत नाही. उद्या चौकशीच्या खोलीत कुणी एकटा बसला असेल, तर त्याला वकील हवाच. आणि त्या वकिलाची फी कोण देतो, हेही त्याला ठाऊक हवे.