पाहणी आधी, पहार नंतर

‘आदर्श शहर’ हा प्रकल्प दिला की विद्यार्थी काय करून आणतात, ते आपण शिक्षकांनी अनेकदा पाहिले आहे. पुठ्ठ्यावर सरळ रुंद रस्ते, दुतर्फा एकसारख्या इमारती, कोपऱ्यात थर्माकोलची बाग. तिथे आधी कोणी राहत होते का, पावसाचे पाणी जाणार कुठे, हे प्रश्न मुलांना पडत नाहीत, कारण पुठ्ठा कोरा असतो. खरे शहर कधीच कोरे नसते. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात हिंडून हेच सांगणाऱ्या पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांच्या अहवालांतील निवडक उतारे ‘पॅट्रिक गेडिस इन इंडिया’ या १९४७ सालच्या छोट्या इंग्रजी पुस्तकात आहेत. संपादन जॅकलिन टिरिट यांचे आहे. नगररचनेवर शाळेत बोलायचे असेल, तर ते आजही वाचावे. मात्र डोळे उघडे ठेवून.

गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. हक्सले यांचे विद्यार्थी आणि स्कॉटलंडमधील डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१४ साली ते भारतात आले, अनेक शहरांची पायी पाहणी केली आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. शहराकडे ते सजीव म्हणून पाहत. डॉक्टर रोग्याला तपासल्याशिवाय औषध देत नाही. तशी आधी शहराची पाहणी, मग उपचार, हा त्यांचा आग्रह होता.

त्या काळी दाट वस्तीवर ठरलेला उपाय म्हणजे घरे पाडून सरळ रुंद रस्ता काढणे. गेडिस विचारत, उठवलेली कुटुंबे जाणार कुठे? ती शेजारच्या वस्तीत शिरतात आणि तिथली गर्दी वाढवतात. म्हणजे रोग बरा न होता फक्त जागा बदलतो. त्याऐवजी गल्लीगल्लीतून फिरून मोडकळीला आलेली मोजकी घरे काढावीत, मिळालेल्या जागेत छोटा चौक करावा, झाड लावावे आणि बाकीची वस्ती राखावी, असे ते सुचवत. तंजावरसारख्या शहरांच्या अहवालांत ही राखून केलेली शस्त्रक्रिया गल्लीच्या तपशिलासह येते. हा भाग पुस्तकात सर्वांत सरस आहे.

तळ्यांविषयीची त्यांची भूमिकाही आज पटते. हिवतापाच्या भीतीने तळी बुजवण्यास त्यांचा विरोध होता. तळे स्वच्छ ठेवा, त्यात मासे सोडा, डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त होईल, असे ते म्हणत. वर्गात एक हिशेब करून पाहावा. एक हेक्टर क्षेत्राच्या तळ्यात पाण्याची पातळी एक मीटर चढली, तर त्यात १०,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी मावते. तळे बुजवले, तरी तेवढा पाऊस पडायचा थांबत नाही. ते पाणी रस्त्यांवर आणि घरांत शिरते.

आता उणिवा. टिरिट यांनी उतारे विषयवार लावल्याने कोणतेच शहर सलग दिसत नाही. शहर अखंड पाहा, असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाच्या पुस्तकात हे खटकते. दुसरे, इंदूरच्या १९१८ च्या अहवालात गेडिस मैला गटारात सोडण्यापेक्षा मातीला परत देण्याचा पुरस्कार करतात. विचार मोलाचा आहे; पण आजच्या सांडपाण्यात कारखान्यांची रसायने आणि जड धातू असू शकतात. ते न तपासता मातीत सोडणे घातक ठरेल.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. जुन्या वस्तीची, विहिरी-तळ्यांची रचना त्यांना आपुलकीची वाटते. परंतु त्याच रचनेत जातीच्या भिंती होत्या. महाडचे चवदार तळे शाबूत होते, तरी त्यातले पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी डॉ. आंबेडकरांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. तळे राखले, पण कोणासाठी, हा प्रश्न या उताऱ्यांच्या केंद्रस्थानी येत नाही. आज शाश्वत नगरविकासाच्या नावाने नदीकाठ सुशोभित होतात, तेव्हाही काठावरच्या झोपड्यांतील माणसे कुठे गेली, हे विचारावेच लागेल.

तरीही गेडिस यांची पद्धत शाळेला परवडणारी आहे. तिला वही, पेन्सिल आणि पाय एवढेच लागते. पुढच्या वेळी पुठ्ठ्याऐवजी शाळेमागची एक गल्ली द्यावी. पाणी कुठून येते, कुठे तुंबते, सावली कुठे आहे, जुनी विहीर कोणी व का बुजवली, नळावर रांगेत कोण उभे असते, हे मुलांनी नकाशावर नोंदवावे आणि तिथल्या रहिवाशांना विचारावे. शहर कसे सुधारावे, ते त्यानंतर लिहू द्यावे. ते उत्तर पुठ्ठ्यावरच्या शहराइतके देखणे नसेल, पण त्यात माणसे असतील.