सूर्य रोज पाहायचा की ग्रहणापुरता?

10 मे 2024 च्या रात्री लडाखमधील हानले येथून तांबूस ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घेतली गेली. दोन दशकांतील सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ त्या वेळी पृथ्वीवर चालू होते. त्यानंतर सौरवादळांवर पुष्कळ लिहिले गेले. आमच्या वाचनात आलेल्या लेखांत दोन विधाने हमखास आढळतात. एक, सूर्यावर पाळत ठेवण्याचे काम आता उपग्रहच करतात. दोन, मोठे वादळ आले की वीज जाईल. दोन्ही अर्धवट आहेत, आणि वर्गात तशीच सांगितली जातात, म्हणून त्यांची तपासणी केली पाहिजे.

विजेचे आधी पाहू. 13 मार्च 1989 रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले, हे खरे. पण असे प्रवाह ध्रुवीय पट्ट्याजवळ सर्वांत प्रबळ असतात. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे अधिक काळजी आयनांबराची. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना आयनांबर विशेष दाट असते आणि आपण त्या पट्ट्याच्या जवळ राहतो. वादळात ही घनता झपाट्याने बदलते, त्यामुळे उपग्रहांवरून स्थान ठरविण्यात चूक येते आणि लघुलहरींचे रेडिओसंदेश बिघडतात. परदेशी लेख उतरवून घेताना अक्षांश मात्र तेथेच राहून जातो.

आता उपग्रह. आदित्य-एल1 हे यान 6 जानेवारी 2024 रोजी आपल्या कक्षेत पोहोचले. पृथ्वीपासून सुमारे 15 लाख कि.मी. अंतरावर असल्याने सूर्याकडून येणारा द्रव्याचा लोट त्याला आधी गाठतो. त्यातील चुंबकीय क्षेत्राची दिशा तेथे मोजता येते, आणि वादळ किती तीव्र होणार हे बरेचसे त्या दिशेवरच ठरते. क्ष-किरण व अतिनील किरण वातावरणात शोषले जातात, तेही जमिनीवरून मिळणार नाहीत. हे सर्व मान्य. पण त्या बिंदूवरून मिळणारी सूचना साधारण तासाभराचीच असते. लोट सूर्यावरून येथवर यायला एक ते तीन दिवस लागतात, आणि ज्या डागांच्या गटातून तो निघतो तो गट सूर्यबिंबावर दोन आठवडे दिसत राहतो. 2024 च्या मे महिन्यातील गट तर ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीवाचून दिसत होता.

हा आधीचा काळ जमिनीवरच्या दुर्बिणींचा. उदयपूरच्या फतेहसागर तलावातील बेटावर सौर वेधशाळा आहे. भोवती पाणी असल्यामुळे तापलेल्या जमिनीवरची हवेची थरथर तेथे कमी होते व प्रतिमा स्थिर मिळते. जगातील सहा ठिकाणी एकसारख्या दुर्बिणी बसवून 1995 साली जी साखळी पुरी झाली, तिच्यात उदयपूरही आले. सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचे या साखळीतून मिळणारे नकाशे अमेरिकेतील बोल्डर येथील अंदाज केंद्र आपल्या गणितात वापरत आले आहे. ऑक्टोबर 2003 च्या वादळात कणांच्या माऱ्याने सोहो यानाच्या चित्रांवर बर्फ पडल्यासारखे ठिपके उमटले. वातावरणाखालच्या दुर्बिणीला ही अडचण नसते, आणि ती बिघडली तर माणूस पाना घेऊन तिच्यापाशी जाऊ शकतो. पावसाळ्यात उदयपूर झाकले जाते, म्हणूनच तर साखळी लागते.

महाराष्ट्राचा या कामातील वाटा जुना आहे, आणि त्याची हेळसांडही जुनी. 1 सप्टेंबर 1859 रोजी कॅरिंग्टनने इंग्लंडमध्ये सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून डागांचे रेखाटन करीत असता ज्वाला पाहिली. साडेसतरा तासांनी वादळ येऊन थडकले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकसूचीची वाचने नेहमीप्रमाणे घेतली जात होती. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद तेथे झाली. (हा आकडा क्षणिक टोकाचा आहे. तासाची सरासरी घेतली तर तो बराच खाली येतो, आणि आजच्या निर्देशांकांशी तुलना सरासरीचीच केली पाहिजे. लेखांतून हा भेद क्वचितच दिसतो.) पुण्यात विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती. तिच्यातील 20 इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी. 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेले. कोडाईकनालला मात्र सूर्याची दैनंदिन छायाचित्रे 1904 पासून जपलेली आहेत. एका माणसावर उभे राहिलेले काम आणि नेमून दिलेले रोजचे काम यांतला हा फरक आहे.

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओदुर्बीण लागते. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची ही दुर्बीण सूर्याचेही वेध घेते, पण तिचा वेळ अनेक संशोधनांत वाटलेला असतो. रोजच्या पाळतीला लहान, स्वस्त आणि दुसरे काही काम नसलेली दुर्बीण लागते.

दीर्घ नोंदीचा उपयोग नाशिकच्या मुलांना चटकन पटावा. गुरू सिंह राशीत आला की येथे सिंहस्थ. गुरूची फेरी 11.86 वर्षांची व सौरडागांचे चक्र सुमारे 11 वर्षांचे, तेव्हा एक दुसऱ्यामुळे घडत असेल का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. क्रमांक दिलेले पहिले चक्र 1755 साली सुरू झाले व चोविसावे 2019 च्या अखेरीस संपले, म्हणजे 264 वर्षे. गुरूला 24 फेऱ्यांना सुमारे 285 लागतात. दोन-तीन चक्रांच्या नोंदीवर हे कोणालाच सांगता आले नसते.

शाळेतील लहान दुर्बिणीने हे काम होते. सूर्याकडे दुर्बिणीतून कधीही पाहू नये, मुलांना पाहू देऊ नये. शोधक दुर्बीण झाकावी व प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्यावी. 10 सें.मी. व्यासाचे वर्तुळ आधीच काढून ठेवून त्यात डाग टिपावेत, शेजारी तारीख व वेळ लिहावी. ढगाळ दिवशी रकाना मोकळा न सोडता ‘ढग’ असे लिहावे, नाहीतर जुलैतला झाकलेला सूर्य आणि डाग नसलेला सूर्य वहीत सारखेच दिसतील.