ठरावांतील क्रियापद

कायदेमंडळाचे ठराव वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाहीं. आणि बहुधा तें योग्यच असतें. परंतु १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकन यादवी युद्धानें जो वारसा मागें ठेविला, त्याविषयीं तेथील निरनिराळ्या संस्थानांनीं केलेले ठराव एकत्र वाचले असतां, त्यांस टीकाकाराची कसोटी लावून पाहणें अस्थानीं होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

या ठरावांचा सांचा ठरलेला असतो. प्रथम ‘ज्याअर्थीं’नें सुरू होणाऱ्या वाक्यांची रांग लागते व तींत गुलामगिरीचा इतिहास येतो, शेवटीं ‘त्याअर्थीं’ येऊन सगळा भार एका क्रियापदावर पडतो. व्हर्जिनियाचाच ठराव घ्या. युद्धकाळीं बंडखोर संस्थानांची राजधानी ज्या रिचमंड शहरीं होती, तेथेंच तो फेब्रुवारी २००७ मध्यें एकमतानें संमत झाला. मूळ मसुद्यांत प्रायश्चित्ताची भाषा होती. संमत ठरावांत ‘गाढ खेद’ तेवढा उरला. त्याच वर्षीं अलाबामानें मात्र खेदाबरोबर क्षमाही मागितली. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. खेद पाऊस न पडल्याचाही होतो. क्षमा मागावयाची तर आपला हात त्या कृत्यांत होता, हें आधीं कबूल करावें लागतें.

यावर आक्षेप असा कीं, आजच्या सभासदांनीं गुलाम बाळगले नाहींत, मग क्षमा कोणीं मागावी? आमच्या मतें हा आक्षेप लंगडा आहे. माणसें मरतात, मंडळ मरत नाहीं. पूर्वजांची तिजोरी, इमारत आणि अधिकार ज्यानें वारशानें घेतले, त्यास त्यांच्या ऋणांतून अंग काढून घेतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, ठराव म्हणजे नुसते शब्द. साउथ कॅरोलायनाचा अनुभव याच्या उलट आहे. तेथील मंडळानें १९६२ सालीं ठराव करून आपल्या इमारतीच्या घुमटावर बंडखोरांचें निशाण कायम केलें. तें उतरवावयाचें कधीं, याविषयीं ठरावांत एक अक्षर नव्हतें. तें निशाण २००० सालापर्यंत घुमटावर व पुढें आवारांत फडकत राहिलें. जून २०१५ मध्यें चार्ल्स्टन येथील प्रार्थनामंदिरांत नऊ कृष्णवर्णीय भाविकांची हत्या झाली, तेव्हां कोठें तें १० जुलै रोजीं खालीं आलें. अपुऱ्या ठरावाचें आयुष्य इतकें दीर्घ असतें.

मिसिसिपीची गोष्ट निराळी. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ सालींच देशभर अंमलांत आली. परंतु त्या संस्थानानें ती त्या वर्षीं नाकारली होती. १९९५ मध्यें त्यानें ती मान्य केली खरी, पण त्या मान्यतेची रीतसर नोंद केंद्राच्या दप्तरीं व्हावयास २०१३ साल उजाडलें. क्रियापद निर्दोष, पण कृति अर्धी!

मराठी वाचकास हा विषय अगदींच परका नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकनांस अर्पण केलें. त्यांनीं गौरविली ती निःस्वार्थ कृति. या मापानें पाहतां अलाबामाचा ठराव इतरांहून सरस असला, तरी ती सुरुवातच होय. क्षमा मागणारानें पुढें काय केलें, हें ज्याची क्षमा मागितली त्यानें सांगावयाचें असतें. आणि तो अभिप्राय ठरावांच्या पुस्तकांत सांपडत नाहीं.